शांता आपटे : बालगायिका ते चित्रपट-अभिनेत्री (१९१६–१९६४)

प्रस्तावना

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकाचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः संस्थांचा आणि दिग्दर्शकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्रभात फिल्म कंपनी, सरस्वती सिनेटोन, हंस पिक्चर्स ही नावे, त्यांचे संस्थापक आणि त्यांनी निर्मिलेले चित्रपट यांची नोंद बऱ्याच काटेकोरपणे झालेली आढळते. त्या संस्थांत वेतनावर राबणाऱ्या कलावंतांकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी आठवणी आणि किस्से यांच्या पलीकडे फारशी गेलेली नाही. शांता आपटे यांच्याविषयीचे लेखनही याला अपवाद नाही. 'कुंकू'मधील नीरा, मनस्वी स्वभाव, स्टुडिओच्या दारातील उपोषण आणि एका संपादकाला दिलेला मार, एवढ्यावर त्यांचे चरित्र आटोपते घेतले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लहान वयात लाभलेला असामान्य गळा ही वरवर पाहता व्यक्तीची खासगी संपत्ती होय. परंतु त्या गळ्याचा उपयोग कोठे, किती आणि कोणासाठी व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार गुरू, पालक आणि मालक यांच्याकडे कसा जातो व तो परत मागणाऱ्या स्त्रीला कोणती किंमत द्यावी लागते, हा येथे विचाराचा विषय आहे.

बालपण आणि गायनाचे शिक्षण

शांता आपटे यांचा जन्म १९१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. दुधनी हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरील, कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांच्या सीमेवरचे गाव. अशा गावात गणेशोत्सवातील मेळे आणि भजने हीच मुलांची पहिली रंगभूमी असे. शांताबाई अगदी लहानपणापासून तेथे गाऊ लागल्या. पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांचे गायनाचे रीतसर शिक्षण झाले. या सर्व काळात थोरले बंधू बाबूराव आपटे हेच त्यांचे पालक आणि मार्गदर्शक होते. त्यांची शिस्त कडक होती आणि बहिणीच्या कारकिर्दीचे निर्णय बराच काळ त्यांच्या हाती राहिले.

बालगायकांची महाराष्ट्रात वाण नव्हती. शिवपुत्र कोमकली या मुलाला 'कुमार गंधर्व' ही पदवी बालवयातच मिळाली होती. नारायणराव राजहंसांना 'बालगंधर्व' हे नाव कसे मिळाले, हे तर सर्वश्रुत आहे. मुलगा असामान्य गातो असे दिसले की त्याच्यासाठी नाटकमंडळी, गुरुगृह आणि पुढे मैफल अशी एक वाट आधीच आखलेली असे. मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलीसाठी तशी वाट नव्हती. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि ही वाट रुंद केली, हे खरे. परंतु हिराबाईंच्या पाठीशी अब्दुल करीम खाँ यांचा वारसा आणि एक संपूर्ण संगीतघराणे होते. स्टेशनमास्तराच्या मुलीपाशी गळा होता, घराणे नव्हते. अशा मुलीसाठी १९३१ नंतर जे नवे दार उघडले ते बोलपटाचे होते.

बोलपटाला गाणारी माणसे हवी होती, कारण प्रारंभीच्या तंत्रात गाणे आणि छायाचित्रण एकाच वेळी होत असे. कॅमेऱ्यासमोर जी व्यक्ती उभी, तिनेच गायचे. वाद्ये चौकटीबाहेर आणि सर्वांच्या मध्ये मायक्रोफोन. एखादी हरकत निसटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. नाटकातील गायकाला दाद पाहून गाणे लांबविता येई, सिनेमात फिल्मची लांबी ठरलेली असे. या व्यवस्थेत वाव मिळे तो सुरात पक्क्या, पाठांतरात चोख आणि न कंटाळता तेच गाणे दहा वेळा त्याच उत्साहाने गाऊ शकणाऱ्या कलावंताला. लहानपणापासून रियाजाची सवय लागलेली मुलगी या कामाला योग्य होती. रियाज आणि रीटेक या दोहोंत पुनरावृत्ती समान असली, तरी एकीत ती स्वतःच्या सिद्धीसाठी असते आणि दुसरीत निर्मात्याच्या हिशेबासाठी. हा फरक शांताबाईंच्या पुढील लेखनाचा गाभा बनला.

'श्यामसुंदर' ते 'गोपाळकृष्ण'

१९३२ मध्ये दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली 'श्यामसुंदर' हा बोलपट काढला. त्यात शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांता आपटे राधा. मुंबईत या चित्रपटाने रौप्यमहोत्सव साजरा केला. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि पुण्यातील तिच्या पहिल्या चित्रपटात, 'अमृतमंथन'मध्ये (१९३४), शांताबाईंना सुमित्रेची भूमिका मिळाली. नायिका नलिनी तर्खड होत्या आणि राजगुरूच्या भूमिकेत चंद्रमोहन यांचे डोळे पडदा व्यापून टाकत होते. तरीही चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या ओठांवर सुमित्रेची गाणी असत.

या गाण्यांचे संगीतकार केशवराव भोळे हे मूळचे अमरावतीचे. संगीतसमीक्षक म्हणून त्यांनी गायकांच्या शैलींची चिकित्सा केलेली होती आणि चित्रपटगीत म्हणजे नाट्यपदाची पडद्यावरील नक्कल नव्हे, अशी त्यांची धारणा होती. प्रसंग, पात्राचे वय आणि मनःस्थिती यांतून चाल निघावी, असा त्यांचा आग्रह असे. शांताबाईंच्या रूपाने त्यांना या विचाराला साजेसा गळा मिळाला. त्या काळातील गायिका बहुधा एका जागी उभ्या राहून, नजर स्थिर ठेवून गात. शांताबाईंनी गाताना हात, मान आणि विशेषतः डोळे यांचा मोकळा वापर केला. आज ही गोष्ट सामान्य वाटेल. परंतु गाणे म्हणजे कथानक थांबवून सादर केलेली चीज, ही समजूत मोडून गाणे हाच अभिनय आहे हे पडद्यावर सिद्ध करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

'अमरज्योती' (१९३६), 'राजपूत रमणी' (१९३६), 'वहाँ' (१९३७) हे चित्रपट याच ओघातील होत. १९३७ च्या 'कुंकू'चा विचार मात्र थोडे थांबून करणे आवश्यक आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला आणि व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' या नावाने निघाला. मामाने फसवून वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मान्य करीत नाही. ती घर सोडून पळतही नाही. त्याच घरात राहून, त्याच नियमांच्या चौकटीत ती नकार देत राहते. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते होते, तर त्यांच्या सुधारक कन्येच्या भूमिकेत शकुंतला परांजपे. या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलेले आहे. घड्याळाचे ठोके, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरची हालचाल यांतून वातावरण उभे राहते. गाणेही कोठून तरी उगम पावते, म्हणजे कोणी तरी ते घरात म्हणत असते किंवा ग्रामोफोनवर वाजत असते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता नीरा गाते, तो प्रसंग तर भारतीय चित्रपटात अभूतपूर्व होता. भोळ्यांनी तिला दिलेली चाल आणि शांताबाईंचे स्पष्ट उच्चार यांमुळे ती कविता मराठी घरात परकी वाटत नाही. शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला असला, तरी कायद्याने बंद होऊ पाहणारे व्यवहार घरोघर चालूच होते. त्यामुळे प्रेक्षकांतील अनेक स्त्रियांना नीरा ही कल्पनेतील व्यक्ती वाटली नसावी, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रभातमधील त्यांचा शेवटचा चित्रपट 'गोपाळकृष्ण' (१९३८). शांताबाई पुन्हा राधा झाल्या आणि कृष्णाच्या भूमिकेत राम मराठे हा चौदा वर्षांचा गायक मुलगा होता. एकाच पडद्यावर आलेल्या या दोन गायक कलावंतांच्या पुढील वाटा पाहण्याजोग्या आहेत. राम मराठे चित्रपटातून बाहेर पडले, मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित आदींकडे शिकले आणि पंडित म्हणून मैफलीत स्थिरावले. मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले वसंतराव देशपांडे हेही बालवयात भालजींच्या 'कालिया मर्दन'मध्ये (१९३५) कृष्ण झाले होते; त्यांचीही कीर्ती पुढे गवई म्हणूनच झाली. मुलांसाठी सिनेमा हा वाटेतला एक मुक्काम ठरला. शांताबाईंसाठी ती परतीची वाट नसलेली नोकरी होती.

१९३९ : प्रवेशद्वारातील उपोषण

'नोकरी' हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दशकातील स्टुडिओ-पद्धतीत नट, गायक, रंगारी, सुतार हे सारे मासिक वेतनावर असत. करारबद्ध कलावंताला अन्यत्र काम करण्याची मुभा नसे. संस्थेने काम दिले नाही तर त्याने वाट पाहावयाची. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी आली आणि तिच्या भोंग्यावर पुलगाव-नाचणगाव परिसराचे दिवस चालू लागले. गिरणीच्या कामाचे स्वरूप तेथील माणसाला समजावून सांगावे लागत नसे. मात्र सी. पी. अँड बेरार सर्किटमधून फिरत जेव्हा प्रभातच्या तुतारीचे चित्रपट विदर्भातील पडद्यांवर येत, तेव्हा त्यातील गाणारी राधाही एका कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, ही कल्पना प्रेक्षकाच्या मनात येणे कठीणच होते. पडद्याचे सामर्थ्य ते हेच.

करार आणि वेतन यांवरून शांता आपटे आणि प्रभातचे व्यवस्थापन यांच्यात वाद निर्माण झाला आणि जुलै १९३९ मध्ये त्यांनी स्टुडिओच्या प्रवेशद्वारातच उपोषण आरंभिले. त्या पँट-शर्ट अशा पोशाखात होत्या. ही गोष्ट वृत्तपत्रांनी उपोषणाच्या कारणाहून अधिक चवीने घेतली. काही दिवसांत उपोषण संपले आणि त्या प्रभातमधून मुक्त झाल्या.

या घटनेकडे 'नटीचा लहरीपणा' म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. तो काळ ध्यानात घेतला तर तिचा वेगळा अर्थ लागतो. याच वर्षी मार्चमध्ये राजकोट येथे महात्मा गांधींनी उपोषण केले होते. १९३६ पासून त्यांचे वास्तव्य वर्ध्याजवळ सेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात होते आणि उपोषण या शब्दाला देशभर नैतिक वजन लाभले होते. शांताबाईंनी ते साधन राजकारणातून उचलून मालक-नोकर संबंधांत आणले. येथे एक विरोधाभास नोंदविणे भाग आहे. गांधीजींना सिनेमाविषयी आस्था नव्हती. १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीला त्यांनी आपण कधी सिनेमा पाहिला नसल्याचे आणि तो आपणास अनिष्ट वाटत असल्याचे कळविले होते. त्यांनी ज्या व्यवसायाला त्याज्य मानले, त्याच व्यवसायातील एका स्त्रीने त्यांचे अस्त्र आपल्या श्रमाच्या हक्कासाठी वापरले. सत्याग्रहाच्या सामाजिक इतिहासात या उपोषणाला अद्याप जागा मिळालेली नाही; ती मिळावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'जाऊ मी सिनेमात?' (१९४०)

उपोषणानंतरच्या वर्षी शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी चित्रपट-अभिनेत्रींच्या आत्मकथनांची परंपरा समृद्ध आहे. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', लीला चिटणिसांचे 'चंदेरी दुनियेत', दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' ही त्यातील ठळक नावे. ही सर्व पुस्तके कारकीर्द मावळल्यावर, मागे वळून पाहताना लिहिलेली आहेत. शांताबाईंचे पुस्तक मात्र ऐन कीर्तीच्या काळात, वयाच्या चोविसाव्या वर्षी आले आणि ते आत्मकथनही नाही. सिनेमात जावे काय, असा प्रश्न मनात बाळगणाऱ्यांपुढे त्यांनी त्या धंद्याची आतली रचनाच उलगडून ठेवली आहे. पैसा कोणाचा, नफा कोणाचा आणि शरीर कोणाचे, हे त्या पुस्तकातील प्रश्न आहेत. नट हा श्रमिक आहे आणि तीव्र प्रकाश, यंत्रे आणि पुनरावृत्ती यांच्यामध्ये त्याच्या शरीराची व मनाची जी झीज होते ती हिशेबात धरली जात नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. थकवा ही गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून मांडलेली नाही, विचाराचा विषय म्हणून मांडली आहे.

या पुस्तकाची गंभीर दखल घेण्यास आपल्याला आठ दशके लागली. चित्रपट-अभ्यासक देबश्री मुखर्जी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनात शांताबाईंच्या या मांडणीला श्रमाविषयीचे सिद्धान्तन म्हणून स्थान दिले. मराठी पुस्तकाची ही दखल इंग्रजीतून, तीही महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठीय वर्तुळातून घेतली जावी, हे आपल्या समीक्षेला भूषणावह नाही. 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांना शांताबाईंनी त्यांच्या कार्यालयात जाऊन छडीने मारल्याचा किस्सा सिनेपत्रकारितेत आजही चवीने सांगितला जातो. पुस्तक मात्र बहुतेकांना नावानेही ठाऊक नसते.

'सावित्री' आणि एक समांतर चरित्र

प्रभात सोडल्यानंतर शांताबाईंनी प्रांतांच्या सीमा ओलांडल्या. १९४१ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या 'सावित्री' या तमिळ चित्रपटात त्यांनी सावित्रीची भूमिका केली व तीसाठी तमिळ आत्मसात केली. या चित्रपटात नारदाची भूमिका केली होती एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी. त्याही लहान वयातच प्रसिद्धीस आलेल्या गायिका. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. दोघींचाही जन्म १९१६ चा. सुब्बुलक्ष्मींच्या पहिल्या 'सेवासदनम्' (१९३८) या चित्रपटाचा विषयही वयस्क पुरुषाशी लावून दिलेली तरुण मुलगी हाच होता, म्हणजे 'कुंकू'शी नाते सांगणारा. सुब्बुलक्ष्मींनी पुरुषवेषातील नारद स्वीकारला तो 'कल्की' हे तमिळ नियतकालिक सुरू करण्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून. 'मीरा' या चित्रपटानंतर त्या सिनेमातून कायमच्या निवृत्त झाल्या आणि कर्नाटक संगीताच्या व्यासपीठावर त्यांना सर्वोच्च स्थान मिळाले. तेथे त्यांच्यामागे मातेकडून आलेली संगीतपरंपरा होती आणि पती सदाशिवम् यांचे चोख व्यवस्थापन होते. आपल्या गळ्याचे व्यवस्थापन दुसऱ्याच्या हाती सोपविणे हा एक मार्ग, ते स्वतःच्या हाती घेणे हा दुसरा. दुसरा मार्ग अधिक महाग होता.

१९४२ मध्ये लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार' आणि देवकी बोस यांचा 'अपना घर' हे शांताबाईंचे चित्रपट आले. पुण्याच्या स्टुडिओतील मराठी अभिनेत्री मद्रास आणि लाहोर या दोन्ही टोकांना नायिका म्हणून जाते, ही त्या काळातील मोठीच गोष्ट होय. परंतु याच सुमारास तंत्र बदलत होते. १९३५ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली पार्श्वगायनाची पद्धत पुढील दशकात सर्वत्र रूढ झाली. गाणारा आणि दिसणारा एकच असावा ही गरज संपली. ज्या गुणामुळे शांताबाईंना दार उघडले होते, तो गुण आता अनावश्यक ठरू लागला.

मास्टर विनायक यांचा 'सुभद्रा' (१९४६) या दृष्टीने अभ्यासनीय आहे. वसंत देसाई यांच्या संगीतात शांता आपटे आणि लता मंगेशकर यांनी त्यात एकत्र गायिले. लताबाई वडिलांच्या निधनानंतर १९४२ पासून अनिच्छेने चित्रपटांत लहानमोठ्या भूमिका करीत होत्या. त्यांच्यासाठी पार्श्वगायन म्हणजे कॅमेऱ्यापासून सुटका होती. शांताबाईंच्या पिढीसाठी तेच तंत्र पडद्यावरील स्थान डळमळीत करणारे ठरले.

अखेरची वर्षे

'स्वयंसिद्धा', 'जागा भाड्याने देणे आहे' आणि भालजींचा 'शिलंगणाचे सोने' हे १९४९ चे चित्रपट. पुढे 'कुंकवाचा धनी' (१९५१) आणि काही पौराणिक हिंदी चित्रपट. १९५८ च्या 'रामभक्त विभीषण' नंतर त्या पडद्यावर दिसल्या नाहीत. दीर्घ आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मराठी रंगभूमीवरील गायिका-अभिनेत्री नयना आपटे या त्यांच्या कन्या होत.

प्रभातचा पुण्यातील स्टुडिओ दरम्यानच्या काळात बंद पडला होता. १९६० मध्ये त्याच आवारात केंद्र शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापनाही पुण्यातच, शांताबाईंच्या निधनाच्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली. प्रभातचे चित्रपट तेथे जतन झाले असून 'कुंकू' आजही विद्यार्थ्यांना दाखविला जातो. ज्या प्रवेशद्वारात १९३९ मध्ये ते उपोषण झाले, त्या आवारात अभिनयाचे विद्यार्थी येतात-जातात. त्यांच्या वाचनाच्या यादीत 'जाऊ मी सिनेमात?' असावयास हरकत नाही.